मान वळवणारा पहारेकरी

एक काम तुमच्यावर सोपवले आहे असे समजा.

तुमच्या शाळेची इमारत काटकोनात बांधलेली आहे. मागच्या आवारात एका बाजूला प्रयोगशाळेचे दार, पलीकडच्या टोकाला लोखंडी फाटक आणि मध्ये चिंचेचे जुने झाड. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहेत, काही संगणक आहेत. हे सामान एकदा गेले, तर पुन्हा मिळायला कित्येक वर्षे जातील. रात्रीच्या राखणीला शिपाईमामा एकटेच. मुख्याध्यापकांनी तुमच्या विज्ञान मंडळाला मोटरीवर फिरणारा एक कॅमेरा, एक झोताचा दिवा आणि हालचाल ओळखणारे दोन संवेदक आणून दिले आहेत. "कोणती वस्तू कुठे लावायची ते तुम्ही ठरवा. वायरमन तिथे लावून देईल," असे ते म्हणाले.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? कॅमेरा दाराशेजारी लावला, त्याच्यावरच दिवा बसवला, "जे हलेल त्याच्या मागे फीर" असे त्याला सांगितले, की झाले काम!

बरे, तसे करून पाहू. रात्रीचे अडीच वाजले आहेत. चिंचेवरून एक मांजर उतरते. दिवा लखकन लागतो. कॅमेरा आज्ञाधारकपणे मान वळवतो आणि मांजराचा पाठलाग करत कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत जातो. त्याच वेळी फाटकावरून कोणीतरी आत उडी टाकतो आणि प्रयोगशाळेच्या दाराशी येतो. सकाळी तुम्ही चित्रफीत पाहता, तर मांजराचे उत्तम चित्रण झालेले आहे! चोरी झाली ती कॅमेऱ्याच्या पाठीमागे.

एका जागी खिळलेला कॅमेरा थोडेच पाहतो, पण ते सतत पाहतो. फिरणारा कॅमेरा पुष्कळ पाहू शकतो, पण एका वेळी एकाच दिशेला. ज्याला मान आहे, त्याला पाठही असते. तेव्हा खरा प्रश्न कॅमेरा फिरवायचा कसा एवढाच नाही. त्याने कधी वळायचे आणि कधी वळायचे नाही, हे त्याला कसे कळावे, हा आहे.

निसर्गाने सोडवलेले कोडे

हे कोडे निसर्गाने फार पूर्वी सोडवलेले आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या कपाळाखालीच आहे. एक प्रयोग करा. उजवा हात समोर ताठ धरून अंगठा वर करा आणि अंगठ्याच्या नखाकडे टक लावून पाहा. आता नजर जराही न हलवता शेजारच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचण्याचा प्रयत्न करा. वाचता येणार नाही. बारकावे टिपणारा दृष्टिपटलाचा भाग अगदी लहान असतो. हात लांब केल्यावर अंगठा डोळ्याशी जेवढा कोन करतो, सुमारे २ अंशांचा, जवळपास तेवढेच क्षेत्र आपल्याला एका वेळी खणखणीत दिसते.

आता मित्राला बाजूला उभे राहून बोटे हलवायला सांगा. बोटे किती ते मोजता येणार नाही. पण काहीतरी हलले, हे मात्र तात्काळ कळेल. दृष्टिपटलाचा कडेचा भाग वाचू शकत नाही, पण हालचाल ओळखण्यात तो मोठा तरबेज आहे. तो खूण करतो, मग डोळा वळतो आणि मधला भाग नीट पाहतो.

म्हणजे कामाची वाटणी झाली. एकाने सगळीकडे लक्ष ठेवायचे आणि फक्त "तिकडे काहीतरी आहे" एवढेच सांगायचे. दुसऱ्याने वळून नीट पाहायचे. आपल्या आवारातले दोन संवेदक म्हणजे कडेची नजर आणि फिरणारा कॅमेरा म्हणजे मधली नजर. पहिल्या रात्री आपण चुकलो ते इथेच. दोन्ही कामे आपण एकट्या कॅमेऱ्यावर टाकली होती.

तारेपासून मोटरीपर्यंत

ही वाटणी माणसाने यंत्रात आणली ती हळूहळू. एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचे एक वनाधिकारी १९२० नंतरच्या दशकात संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश व उत्तराखंड भागातील, जंगलांत काम करीत होते. बंदुकीऐवजी कॅमेऱ्याने वाघ टिपायचा त्यांना छंद होता. वाघाच्या वाटेवर ते एक तार आडवी लावत. वाघाचा पाय तारेला लागला, की झगझगीत प्रकाश पडे आणि कॅमेऱ्याची झडप उघडे. वाघ आपले छायाचित्र आपणच काढी! ही छायाचित्रे त्यांच्या १९२७ साली निघालेल्या 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' या पुस्तकात आहेत. इथे तार म्हणजे संवेदक. तिला वाघ दिसत नव्हता. तिला फक्त धक्का कळत होता.

घराच्या राखणीसाठी मोटरीवर हलणारा कॅमेरा वापरण्याची कल्पना मांडली ती न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने. पती आल्बर्ट हे इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. त्यांच्या वस्तीत गुन्हे वाढले होते आणि पोलीस यायला उशीर लागे. दोघांनी १९६६ साली एकस्वासाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते मिळाले. त्यांच्या योजनेत दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे होती. आतल्या बाजूला मोटरीच्या साहाय्याने कॅमेरा वर-खाली सरकत असे, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, बाहेर कोण उभे आहे ते आतल्या खोलीतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसावे.

तारेची जागा आता उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाने घेतली आहे आणि दाराच्या छिद्राची जागा चहूकडे वळणाऱ्या मानेने. हे दोन्ही भाग आपण उघडून पाहू.

उष्णतेची चाहूल

तुमच्या हाती दिलेल्या संवेदकाला पी. आय. आर. संवेदक म्हणतात. त्याच्यावर दुधी रंगाची अर्धगोल टोपी असते. तो स्वतः काहीही सोडत नाही, फक्त येणारे किरण झेलतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे किरण बाहेर टाकत असते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला बाहेर पडणाऱ्या किरणांची तरंगलांबी मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा. म्हणजे अंधाऱ्या खोलीतही आपण सारे चमकत असतो. ती चमक पाहणारे डोळे मात्र आपल्याला नाहीत. या अदृश्य किरणांना अवरक्त किरण म्हणतात.

काही स्फटिक आणि चिनी मातीसारखे काही पदार्थ असे असतात, की त्यांचे तापमान बदलले की त्यांच्या पृष्ठभागावर किंचित विद्युत्‌भार येतो. "बदलले की" हे शब्द लक्षात ठेवा. तापमान कितीही असो, ते स्थिर असेल तर भार येत नाही. संवेदकात अशा पदार्थाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी आणि उलटसुलट जोडलेले असतात. सकाळी ऊन वाढले, दोन्ही तुकडे सारखेच तापले, तर एकाचा परिणाम दुसरा खोडून टाकतो. पण माणूस समोरून आडवा गेला, की त्याची उष्णता आधी एका तुकड्यावर पडते आणि मग दुसऱ्यावर. त्यामुळे आधी एका दिशेचा व लगेच उलट दिशेचा विद्युत्‌स्पंद निर्माण होतो. मंडल ओळखते, की काहीतरी हलले.

वरची दुधी टोपी म्हणजे फ्रेनेल भिंगांचा समूह. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टीन फ्रेनेल यांनी दीपगृहासाठी जाड भिंगाऐवजी कड्याकड्यांचे हलके भिंग तयार केले आणि १८२३ साली ते फ्रान्समधील कॉर्दुआँ येथील दीपगृहात प्रथम वापरले गेले. तीच युक्ती येथे पॉलिथिनच्या पातळ पत्र्यात वापरली आहे. एकेक भिंग आवारातील एकेक पट्टा संवेदकावर आणून टाकते. त्यामुळे संवेदकापुढे हाताच्या पंजासारखे पट्टे पसरतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला, की स्पंद येतो.

यातून जागा निवडण्याचे तीन नियम आपोआप निघतात, आणि तिन्ही तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता.

पहिला नियम. संवेदकासमोरून आडवे चाला आणि मग सरळ त्याच्या दिशेने चाला. आडवे जाताना पट्टे भराभर ओलांडले जातात. सरळ येताना माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि संवेदकाला उशिरा कळतो. म्हणून फाटकाचा संवेदक फाटकाच्या समोर लावायचा नाही. बाजूच्या भिंतीवर लावायचा, म्हणजे येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल.

दुसरा नियम. संवेदकासमोर खिडकीची काच धरा. तो आंधळा होईल. डोळ्यांना पारदर्शक असणारी काच या लांब अवरक्त किरणांना मात्र भिंतीसारखी असते. म्हणून संवेदक खिडकीच्या आत ठेवून चालत नाही.

तिसरा नियम. माणूस आणि त्याच्यामागची भिंत यांच्या तापमानात फरक हवा. हिवाळ्यात भिंत १५ अंशांवर असताना माणूस ठळकपणे कळतो. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही भिंती तापलेल्या असतात. त्यांचे तापमान त्वचेइतके झाले, की संवेदकाला माणूस आणि भिंत यांत फारसा फरक राहत नाही. म्हणून थंडीत लावलेला संवेदक उन्हाळ्यात पुन्हा तपासावा लागतो.

बाजारात मिळणाऱ्या एका प्रचलित संवेदकावर दोन लहान स्क्रू असतात. एकाने पल्ला साधारण ३ ते ७ मीटर यांच्या दरम्यान बदलता येतो. दुसऱ्याने, एकदा हालचाल कळल्यावर खूण किती वेळ चालू ठेवायची ते ठरते. वीज दिल्यावर पहिला सुमारे एक मिनिट त्याला स्थिरावायला लागतो. त्या मिनिटात त्याने खोटी खूण दिली, तर "बिघडला" म्हणून त्याला परत करू नका!

दिवा कशासाठी?

पुष्कळांना वाटते, दिवा चोराला घाबरवण्यासाठी असतो. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग गणिताचा आहे.

अंधारात कॅमेऱ्याला प्रत्येक चित्रासाठी प्रकाश जास्त वेळ गोळा करावा लागतो. समजा, तो एका चित्राला १/२५ सेकंद घेतो. पळणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर तेवढ्या वेळात तो २० सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे चेहरा चेहऱ्याच्या रुंदीहून जास्त फरफटला! चित्रात एक राखाडी डाग उमटेल. दिवा लागून भरपूर प्रकाश मिळाला आणि कॅमेऱ्याला १/२५० सेकंद पुरला, तर माणूस फक्त २ सेंटिमीटर सरकेल. आता चेहरा ओळखू येईल. दिव्यामुळे कॅमेऱ्याला घाई करता येते, असे म्हणा ना!

काही कॅमेऱ्यांत अदृश्य अवरक्त दिवे असतात. त्यांची तरंगलांबी ०.८५ किंवा ०.९४ मायक्रोमीटर असते. शरीराच्या उष्णतेचे किरण आणि हे किरण एक समजू नका. हे दिसणाऱ्या प्रकाशाचे अगदी शेजारी आहेत. घरातल्या टीव्हीच्या रिमोटचे टोक फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्यात पाहा. या प्रकाशात शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, पण चित्र काळेपांढरे येते आणि सदऱ्याचा रंग कळत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन्ही वापरतात. एरवी अवरक्त प्रकाश आणि संवेदकाने खूण केली, की पांढरा झोत.

दिवा कुठे लावायचा? अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हा नियम तुम्ही शिकला आहात. कॅमेऱ्यापासून फाटक १२ मीटरवर आहे. दिवा कॅमेऱ्यावरच लावण्याऐवजी फाटकापासून ३ मीटरवर लावला, तर तोच दिवा फाटकावर सोळापट प्रकाश टाकील. शिवाय दिवा कॅमेऱ्याला चिकटून असला, की त्याच्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो आणि भिंगापासून वीतभर अंतरावर झुलणारा तो प्रकाशित धागा कॅमेऱ्याला राक्षसाएवढा दिसतो. पावसाचे थेंबही तसेच चमकतात. तेव्हा दिवा आणि कॅमेरा यांची फारकत केलेली बरी.

आणि एक सक्त सूचना. संवेदक, मोटर हे भाग ५ किंवा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्याशी तुम्ही खुशाल खेळा. दिव्याला मात्र २३० व्होल्टची घरगुती वीज लागत असेल, तर ते काम वायरमनचेच.

मानेची गोष्ट

कॅमेऱ्याची मान पुष्कळदा स्टेपर मोटरने फिरते. पंख्याची मोटर वीज दिली की गरगर फिरत राहते. स्टेपर मोटर एका विद्युत्‌स्पंदाला एकच पाऊल टाकते आणि थांबते. प्रयोगासाठी सर्रास मिळणाऱ्या एका लहान स्टेपर मोटरीत दंतचक्रे धरून एका पूर्ण फेरीला २०४८ पावले पडतात. म्हणजे एक पाऊल ३६० ÷ २०४८ = सुमारे ०.१७६ अंशाचे. पावले मोजत राहिले, की मान कुठे आहे हे न पाहताच कळते. अंधारात जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरावे, तसेच हे आहे.

पण एखादे पाऊल घसरले तर? मोजणी कायमची चुकेल. म्हणून असे बरेच कॅमेरे चालू केल्याबरोबर मान एका टोकापर्यंत नेऊन टेकवतात आणि तिथून शून्य धरतात. कित्येक कॅमेऱ्यांची मान ३६० ऐवजी सुमारे ३५५ अंशच फिरते. आत एक अडसर असतो, नाहीतर एकाच दिशेने फिरून फिरून आतल्या तारांना दोरीसारखा पीळ बसेल.

आता हिशेब करू. कॅमेऱ्याला ६० अंशांचे क्षेत्र दिसते आणि चित्राची रुंदी १९२० चित्रबिंदू आहे. म्हणजे ढोबळमानाने एका अंशाला ३२ बिंदू. माणूस चित्राच्या मध्यापासून ४८० बिंदू उजवीकडे दिसला, तर मान ४८० ÷ ३२ = १५ अंश उजवीकडे वळवायची. १५ ÷ ०.१७६ म्हणजे सुमारे ८५ पावले. हा झाला 'पाठलाग'! इतका मोठा शब्द, पण आत त्रैराशिक आहे.

थांब, पाहा, वळ

त्रैराशिक मांडायचे, तर माणूस चित्रात कुठे आहे ते आधी कळायला हवे. सर्वांत सोपी रीत म्हणजे वजाबाकी. आत्ताच्या चित्रातून क्षणापूर्वीचे चित्र बिंदूबिंदूने वजा करायचे. जे स्थिर आहे तिथे शून्य उरते. जिथे काहीतरी हलले, तिथे आकडे उरतात. त्या आकड्यांच्या घोळक्याचा मध्य काढला, की लक्ष्य सापडले.

पण यात दोन खोड्या आहेत. दिवा लागला, की सगळेच चित्र बदलते आणि वजाबाकी म्हणते, सारे आवारच हलले! तसेच कॅमेरा स्वतः वळत असताना चिंच, भिंत, फाटक सगळेच सरकते. मग करायचे काय?

पुन्हा डोळ्याकडे जाऊ. आरशासमोर उभे राहा. आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलत आहेत हे शेजारी उभ्या असलेल्या मित्राला स्पष्ट दिसते. तुम्हाला मात्र आरशात ते हलताना कधीच दिसणार नाहीत! नजर उडी मारत असते, तेवढ्या क्षणापुरते मेंदू चित्राकडे लक्ष देत नाही. उडी संपली, की पुन्हा पाहू लागतो. नाहीतर प्रत्येक उडीला जग हलल्यासारखे वाटले असते.

कॅमेऱ्यालाही हाच धडा द्यायचा. दिवा लागल्यावर एक सेकंद वजाबाकी बंद. मान वळत असताना वजाबाकी बंद. थांब, पाहा, वळ. पुन्हा थांब, पाहा, वळ. शिवाय लक्ष्य चित्राच्या मधल्या एक-तृतीयांश भागात असेल, तर मुळीच वळायचे नाही. तसे केले नाही, तर माणूस जागच्या जागी डुलला तरी मान थरथरत राहील आणि एकही चित्र नीट येणार नाही.

लांडगा आला रे आला

मेंढ्या राखणाऱ्या त्या मुलाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. "लांडगा आला रे आला" असे त्याने उगाचच ओरडून ओरडून गावाला दमवले आणि खरा लांडगा आला त्या दिवशी कोणी धावले नाही. त्या मुलाने थट्टा केली होती. आपला संवेदक प्रामाणिक आहे, पण परिणाम तोच होतो. मांजर, वटवाघूळ, डुलणारी फांदी, तापलेल्या पत्र्यावरून आलेली झुळूक, प्रत्येकाला त्याने शिपाईमामांचा फोन वाजवला, तर चौथ्या रात्री मामा फोन उशीखाली दडपून झोपतील. अशी यंत्रे निकामी होतात ती पुष्कळदा बिघाडामुळे नव्हे, तर माणसांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाल्यामुळे.

हा त्रास केवढा मोठा असू शकतो पाहा. आपल्या देशातील २०१८ च्या व्याघ्रगणनेत चँपियनच्या तारेचे वारसदार, म्हणजे हालचाल ओळखणारे स्वयंचलित कॅमेरे, २६,८३८ ठिकाणी लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांतील वाघांची छायाचित्रे होती ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रांत एक वाघाचे! ही निवड करण्यासाठी संगणकाची मदत घ्यावी लागली. आजच्या कित्येक कॅमेऱ्यांतही माणूस, जनावर आणि वाहन यांत फरक करणारे कार्यक्रम असतात. तेही चुकतात. फांदीवर वाळत टाकलेला सदरा वाऱ्याने हलला, तर त्यांना तो माणूस वाटू शकतो. म्हणून पहिली गाळणी आपणच लावायची. चिंचेची खाली आलेली फांदी छाटून घ्यावी, संवेदक रस्त्याकडे वळवू नये, आणि संवेदक व चित्र या दोघांनी दुजोरा दिला तरच फोन वाजवावा.

आता आवार आखू

सारे धागे जुळले. आलेखाच्या कागदावर आवार काढा आणि माझ्याबरोबर खुणा करा.

कॅमेरा दाराशेजारी नको. चालणारा माणूस सेकंदाला सुमारे दीड मीटर जातो. कॅमेऱ्यापासून २ मीटरवर ६० अंशांच्या क्षेत्राची रुंदी जेमतेम २.३ मीटर असते. मध्यापासून कडेला जायला माणसाला पाऊण सेकंद पुरतो. संवेदक, दिवा आणि मान जागी होईपर्यंत तो निघून गेलेला असेल. हाच कॅमेरा इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर ३ मीटर उंचीवर लावा. तिथून दार ६ मीटरवर समोर दिसते. तेथे क्षेत्राची रुंदी ६.९ मीटर, आणि माणसाला कडेला जायला सव्वादोन सेकंद लागतात.

मग आणखी दूर का नको? कारण बारकावे कमी होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अनोळखी माणसाची ओळख पटवायला दर मीटरला २५० चित्रबिंदू हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. आपल्या दाराशी १९२० ÷ ६.९ = सुमारे २७८ बिंदू मिळतात. फाटकाशी, १२ मीटरवर, सुमारे १३९. म्हणजे फाटकातून आपले मामा आले की दुसरे कोणी हे कळेल, आणि दाराशी आलेल्याचा चेहरा पुराव्यादाखल मिळेल.

एक संवेदक फाटकाच्या बाजूच्या भिंतीवर, दुसरा प्रयोगशाळेच्या दारावर आडवा. दिवा फाटकापासून ३ मीटरवर, झोत खाली. कॅमेऱ्याला दोन दिशा लक्षात ठेवायला सांगा: एक दार, एक फाटक. एरवी त्याची नजर दारावर. फाटकाच्या संवेदकाने खूण केली, तर दिवा लावून फाटकाकडे वळायचे आणि मग वजाबाकीने पाठलाग. २० सेकंद काही हलले नाही, तर परत दारावर. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: पाठलाग चालू असताना दाराच्या संवेदकाने हाक दिली, तर हातचे सोडून दाराकडे वळायचे. पुढेमागे पैसे जमले, तर सारे आवार दिसेल असा एक स्वस्त, न फिरणारा कॅमेरा जोडा. पाठ उरणार नाही.

काय पाहायचे नाही?

तुमच्या नकाशावर कुंपणापलीकडे शेजारच्या घराची खिडकी आहे. मान वळवणारा पहारेकरी तिकडेही पाहू शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पण न्यायालयाने सांगावे लागावे असे यात काय आहे? आपल्या घरात कोणी डोकावलेले आपल्याला चालेल का? पुष्कळ कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करता येतो. ती खिडकी काळी करा, मानेची मर्यादा अलीकडेच बांधा, आणि आवारात कॅमेरा आहे अशी पाटी लावा.

दुसरी खिडकी दिसत नाही, ती इंटरनेटची. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातकी संगणककार्यक्रमाने जगभरातील लाखो कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्याची किल्ली काय होती? कारखान्यातून आलेले साठेक परवलीचे शब्द, जे मालकांनी कधी बदललेच नव्हते! तेव्हा कॅमेरा भिंतीवर चढवण्याआधी त्याचा परवलीचा शब्द बदला.

आता पुन्हा रात्रीचे अडीच वाजू द्या. मांजर चिंचेवरून उतरते. ते दोन्ही संवेदकांच्या पट्ट्यांबाहेर आहे. मान हलत नाही, फोन वाजत नाही, मामा झोपलेले आहेत. तासाभराने फाटकाचा संवेदक जागा होतो. दिवा लागतो, मान वळते, फोन वाजतो. मामा उठतात, कारण या महिन्यात फोन वाजण्याची ही पहिलीच वेळ आहे.

संवेदकाला बदल कळतो, दिव्याला अंधार कळतो, मानेला अंश कळतात. चोर यांच्यापैकी कोणालाच कळत नाही. तो ओळखायचा मामांनी. यंत्राने एवढेच करायचे, की मामांना योग्य वेळी, आणि फक्त योग्य वेळीच, उठवायचे.

तुमच्या शाळेचे आवार आलेखाच्या कागदावर काढा. कॅमेऱ्याची जागा ठरवून तिथून ६० अंशांचा कोन रेखा आणि तो कागदावर फिरवून पाहा. झाडाआड, टाकीमागे, जिन्याखाली कुठे ना कुठे आंधळी जागा उरेलच. ती सापडली, की वर्गातल्या एकाला चोर व्हायला सांगा आणि तिथून दारापर्यंत पोहोचता येते का ते पाहा. तो पोहोचला, तर नाराज होऊ नका. चूक कागदावरच सापडली, हे काय थोडे झाले?